जुनी डिस्क कामाला लागली

मालकाचा फायदा उघड होता. सकाळी कॉम्प्युटरचं बटण दाबल्यापासून पडद्यावर काम दिसेपर्यंत त्याची बहीण जी रिकामी बसायची, ती यापुढे बसणार नव्हती. ती रिकामी नाही म्हटल्यावर शिवणाऱ्या बायकाही तिच्याभोवती जमून खिदळणार नव्हत्या. शिवाय गिऱ्हाईक समोर आलं की "दोन मिनिटं हं, सुरू होतोय," असं म्हणत उगाच टेबलावरच्या टाचण्या गोळा करत उभं राहावं लागायचं, ती शरम जाणार होती. हा फायदा त्याने कोणाला बोलून दाखवला नव्हता, पण मनात सगळ्यात वर तोच होता. एवढ्याच्या बदल्यात द्यायचं काय, तर तळहातात मावणारी एक एसएसडी, म्हणजे झटपट चालणारी नवी डिस्क. तीही बायकोच्या मामेभावाकडून बसवून घ्यायची, म्हणजे मजुरी जेवणात जिरणार. असा सौदा सोडणाऱ्यातला तो नव्हता.

मालक हे त्याचं लहानपणापासूनचं नाव. वडिलांच्या खुर्चीत चढून पाय हलवत "मी मालक" म्हणायचा, तेव्हा घरात हसायचे. पुढे खरोखरच मालक झाला, तेव्हा हसायचं कोणी उरलं नव्हतं. वडील म्हणजे मास्तर. हातातली कात्री सुटली तरी मास्तर ही पदवी सुटली नव्हती. खाली शिवणखाना, वर घर. शिवणखान्यात रखवालदारांचे, हॉटेलातल्या पोऱ्यांचे, कारखान्यातल्या माणसांचे गणवेश शिवून निघायचे. मास्तर खिडकीपाशी बसून काजं तपासायचे आणि एखादं सैल दिसलं की उसवायचे. आपण अजून लागतो, एवढं सिद्ध करायला तेवढं पुरायचं.

कापडाचा प्रत्येक तुकडा कापण्याआधी त्याचं ड्रॉइंग लागतं. खांदा किती, बगलेचा मुंढा किती खोल, बाहीला उतार किती. पूर्वी ते मास्तर खाकी कागदावर काढायचे. आता ताई कॉम्प्युटरवर काढायची. ताई म्हणजे मालकाची थोरली बहीण.

या घराचा एक नियम होता. नवं आलं की जुन्याने त्याच दिवशी दुसऱ्या कामाला लागायचं. नवी कात्री आली की जुनी कापडावरून कागदावर जायची, कागदावरून दोऱ्यावर, दोऱ्यावरून वर स्वयंपाकघरात. चादर फाटली की इस्त्रीखाली, इस्त्रीखालून फरशीवर. शिवणयंत्राचं मोडकं लाकूड मास्तरांच्या पायाखाली आलं होतं. बसून खाणं कोणालाच माफ नव्हतं. लग्न मोडून ताई परत आली, तेव्हा दुपारी तिने बॅग ठेवली आणि संध्याकाळी ती बटणं लावायला बसली होती. कोणी सांगितलं नव्हतं. नियम तिच्याही अंगात मुरलेला होता.

तर हा कॉम्प्युटर. जुना, आणि आतली हार्डडिस्क त्याहून जुनी. सकाळी सुरू करताना ती अशी घरघरायची की जणू कोणी दमेकरी जिना चढतोय. त्या घरघरीवर सगळ्या शिवणखान्याची सकाळ बेतलेली होती. बायका त्यात दोरे ओवून घ्यायच्या, मास्तर चष्मा पुसायचे आणि ताई समोरच्या चिठोऱ्यावर पेन्सिलीने काहीतरी काढत बसायची. मालकाला ती रेघोट्या मारतेय असं वाटायचं. रेघोट्याच होत्या. पण त्यात एक गोष्ट होती.

शिवणखान्यातल्या एकीचं छातीचं ऑपरेशन झालं होतं. हात वर जात नव्हता, डोक्यातून काही घालता यायचं नाही, पुढून उघडं ठेवावं तर लाज. ताईने तिच्यासाठी एक अंगरखा काढला. बगलेखालून उघडणारा, एका हाताने लावता येणारा, आणि बघणाऱ्याला साधा गाऊन वाटेल असा. मग तिची तशीच आजारी बहीण आली, मग बहिणीच्या वॉर्डातली आणखी कोणी. एकीचा खांदा उतरलेला, कोणी चाकांच्या खुर्चीत, एकीच्या पोटाला पिशवी लावलेली. ताई प्रत्येकीचं माप घ्यायची आणि मालक माल पोचवायला बाहेर गेला की चिठोऱ्यावरचं कॉम्प्युटरवर चढवायची. वर्षं गेली. एका अंगरख्याचे शंभर झाले, प्रत्येकाची सगळ्या मापांत ड्रॉइंगं झाली. गणवेश कोणीही काढेल. हे दुसरं कोणी काढलेलं नव्हतं.

तिच्याबरोबर शिवणकाम शिकलेली एक मैत्रीण दुसऱ्या शहरात होती. तिने दोन खोल्या घेतल्या, मशिनी मांडल्या आणि फोनवर म्हणाली, "मशिनी माझ्या, ड्रॉइंगं तुझी. अर्धंअर्धं. आमच्या इथल्या मोठ्या हॉस्पिटलच्या खरेदीवाल्या बाई यायच्यात बघायला. सगळा सेट घेऊन ये. अर्धवट काही आणलंस तर त्या दारातूनच परत जातील."

"येते," ताई म्हणाली.

"ये म्हणजे सामान घेऊन ये. राहायलाच."

"तेच म्हणते. येते."

म्हणजे ताईकडेही हिशेब होता. फक्त तो सेट कॉम्प्युटरबाहेर काढायचा राहिला होता. एकदा पेन ड्राइव्ह लावून बघितला, तर फाइली मुंगीच्या पावलाने सरकायला लागल्या. तेवढ्यात मालकाच्या स्कूटरचा आवाज आला आणि तिने तो उपटला. त्यानंतर तो पेन ड्राइव्ह बिघडला, कुठेच चालेना. मग पुढच्या रविवारी, त्याच्या पुढच्या रविवारी, असं राहतच गेलं. त्यामुळे मालक जेव्हा म्हणाला, "ताई, मशीन फास्ट करून घेतो, विमानासारखं पळेल," तेव्हा ताईला मनापासून आनंद झाला. तो बघून मालकालाही बरं वाटलं. भावाबहिणीचं असं एकमत त्या घरात बऱ्याच दिवसांनी झालं होतं.

भावजयीचा हिशेब निराळा होता. तो मागाहून सांगतो.

मामेभाऊ सकाळीच आला. दुरुस्तीचं स्वतःचं दुकान होतं त्याचं, माणूस कामाला चोख. त्याने कॉम्प्युटरचं पोट उघडलं, आतली धूळ बघून "अरे देवा, यात तर कापूस पिकलाय!" म्हणाला आणि नवी एसएसडी वायरीला जोडली.

"आता हिच्यातली विंडोज जशीच्या तशी तिच्यात उतरवायची," तो मालकाला सांगत होता. "नवी टाकायची भानगड नाही. तुमचे प्रोग्रॅम, तुमचं सगळं जिथल्या तिथे. जुनी डिस्क फिरते म्हणून वेळ लागतो भावजी. हिच्यात फिरायला काही नाहीच."

"मग खराब कशी होणार?" मालकाने विचारलं.

"होते ना. पण न सांगता होते."

"आमच्या घरात शोभेल."

बायका हसल्या. मामेभाऊही हसला आणि मग पडद्याकडे बघून थांबला. "भावजी, एक अडचण आहे. तुम्ही आणलीत सगळ्यात लहान. जुन्या डिस्कचे दोन कप्पे आहेत, सी आणि डी. सीमध्ये विंडोज आणि तुमचा डेस्कटॉप, ते बसतंय. डी नाही मावायचा."

"त्यात आहे काय?"

मालकाची सगळी गणवेशांची ड्रॉइंगं डेस्कटॉपवर होती. त्याला धंदा डोळ्यांसमोर लागायचा. डी हा त्या घराचा माळा होता. मामेभावाने तो उघडून दाखवला. गाणी. फोटो. 'लग्न'.

"लग्न? कोणाचं?" मालकाने विचारलं आणि विचारताक्षणी जीभ चावली. ताईच्या लग्नाचा व्हिडिओ होता तो. पुसायचा तर आधी त्याचं नाव काढावं लागलं असतं, म्हणून इतकी वर्षं राहिला होता.

"पुढे जा," ताई म्हणाली.

'जुनी बिलं १'. 'जुनी बिलं २'.

पहिल्यात बिलं होती. दुसऱ्यात ताईचे अंगरखे होते. मालक कधीच उघडणार नाही असं नाव तिने मुद्दाम शोधून काढलं होतं, आणि आतापर्यंत ते तिच्या उपयोगी पडलं होतं.

"बिलांच्या मानाने फाइली फार दिसतात," मामेभाऊ म्हणाला.

"धंदा केलाय आम्ही, झोपा नाही काढल्या. सगळी कागदावर आहेत ती. ताई, लागणार आहेत का गं?"

त्याने न वळताच विचारलं. ताई हातातल्या खडूचा चुरा करत उभी होती. लागणार म्हणावं, तर कुठली ते बघायला तो उघडणार. नको म्हणावं, तर जीभ रेटेना.

"आत्ता नाही लागणार," ती म्हणाली.

"झालं तर मग! राहू दे तो डी तिथेच."

सी नव्या डिस्कवर उतरला. मामेभावाने जुनी डिस्क काढली, तिच्या जागी नवी बसवली आणि बटण दाबलं. बाईने सुईत दोरा घातला तेवढ्यात डेस्कटॉप समोर! मालकाने कौतुकाने टाळी वाजवली. पुन्हा बंद करायला लावलं, पुन्हा सुरू करायला लावलं. मास्तरांना उठवून आणून दाखवलं. मास्तर म्हणाले, "घाई कशाला एवढी?" आणि परत जाऊन बसले.

"जुनी डिस्क महिनाभर अशीच ठेवा," मामेभाऊ पिशवी भरताना म्हणाला. "नवी नीट चालतेय असं दिसलं, की मग तिचं काय ते करा. तोवर हात नाही लावायचा."

वायरी गुंडाळायला ताई त्याच्याजवळ वाकली. "त्या डीमधलं नंतर काढता येईल ना?"

"जसंच्या तसं. मी शिवलोसुद्धा नाही त्याला. कधीही दुकानात घेऊन या, देतो काढून."

"उद्या आणते."

"या की."

ताईच्या अंगावरून मोरपीस फिरलं. मालकाच्या कॉम्प्युटरवर चोरून कॉपी करायची कटकटच संपली होती. डिस्क पर्समध्ये टाकायची, उद्या बटणं आणायच्या निमित्ताने जायचं. तिने ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फळीवर ठेवली, कापडाच्या नमुन्यांच्या मागे. आत्ताच वर नेऊन ठेवली असती तर? पण बिलांची डिस्क वर कशाला, असं कोणीतरी विचारलं असतं. त्या घरात वस्तू जिना चढली की तिचं कारण द्यावं लागायचं.

जेवायच्या वेळी भावजय म्हणाली, "वन्सं, आज तुम्ही जा वर, मामंजींना आणि माझ्या भावाला वाढा. मी खाली बघते."

एरवी हे उलट असायचं. वाढायला भावजय, खाली ताई. पण मोठं काम हातावेगळं झालेलं माणूस एवढ्या तेवढ्याला हरकत घेत नाही. ताई वर गेली.

आता भावजयीचा हिशेब. काही महिन्यांपूर्वी ती एक बिल शोधत होती आणि तिने 'जुनी बिलं २' उघडलं. आत बिल एकही नव्हतं. ती हुशार होती. दोनचार ड्रॉइंगं बघून आणि ताईचे खिडकीत जाऊन केलेले फोन आठवून तिने काय ते ताडलं. ताई जाणार. ताई गेली की ड्रॉइंगं कोणी काढायची? बाहेरचा माणूस पगार मागेल, म्हणजे मालक म्हणणार, तूच शिकून घे. मास्तरांची रात्रीची औषधं, जिन्याची चढउतार, मालकाचा संताप, सगळं आजवर दोघींत विभागलेलं, ते एकीवर येणार. तिची कंबर आधीच बोलत होती. नवऱ्याला सांगितलं असतं तर घरात रण माजलं असतं आणि ताई कदाचित त्याच रात्री गेली असती. म्हणून ती बोलली नाही. ठेवून दिलं, अडीनडीला लागेल म्हणून. बाई वाईट नव्हती. पण दुसऱ्याची सुटका आपल्या पाठीवरून होणार असेल, तर चांगल्या चांगल्यांची पाठ आखडते.

मालक नव्या वेगावर खूश होऊन उगाच फाइली उघडून बंद करत होता.

"ती जुनी डिस्क अशीच ठेवायची का हो?" तिने विचारलं.

"महिनाभर म्हणाला तुझा भाऊ."

"तो सगळ्यांनाच म्हणतो. दुकानदार आहे तो. आणि ते कॅमेऱ्यांचं खोकं तिकडे आ वासून बसलंय."

बस. एवढंच बोलली. मग खाली पडलेल्या चिंध्या गोळा करायला लागली.

बंद पडलेल्या एका दुकानातून मालकाने कॅमेरे उचलले होते. भिंतींवर बसवलेही होते. पण त्यांचं चित्रण जिथे साठतं, त्या खोक्यात डिस्कच नव्हती. त्यामुळे कॅमेरे आंधळे होते आणि बायकांना ते माहीत होतं. येता जाता त्यांना वाकुल्या दाखवायच्या. मालकाला हे फार लागायचं. आणि इकडे फळीवर एक चांगली धडधाकट डिस्क बसून खाणार, तीही महिनाभर!

खोक्याला चार स्क्रू होते. डिस्क बसली. खोक्याने पडद्यावर काहीतरी इंग्रजीत विचारलं. मशीनने काही विचारलं की हो म्हणायचं, असा मालकाचा स्वभाव होता. माणसांना नाही म्हणून उरलेले होकार तो तिथे वापरायचा. त्याने हो म्हटलं. खोक्याने पुन्हा विचारलं, नक्की? त्याने पुन्हा हो म्हटलं. डिस्क कोरी झाली आणि चार चौकोनांत शिवणखाना उजळला.

मामेभाऊ जेवून, पान तोंडात टाकून, बाहेरच्या जिन्याने परस्पर रस्त्यावर उतरून गेला. ताई मास्तरांचं ताट उचलून, हात धुऊन खाली आली, तेव्हा तिला पहिल्यांदा दिसलं ते हे, की बायका ताठ बसल्यात आणि कोणी बोलत नाहीये.

"ताई, वर बघ! वर, कोपऱ्यात!" मालक ओरडला. "हस जरा. आलीस बघ, दारातली ती तूच!"

पडद्यावरच्या एका चौकोनात एक बाई हातात ओले हात पुसायचं फडकं घेऊन दारात उभी होती. ती वर बघत होती. हसत नव्हती.

"डिस्क कुठून आणलीस?"

"कुठून म्हणजे? घरात होती ना! जुनी लावली. लागली की कामाला."

ताईने फळीकडे बघितलं. प्लॅस्टिकची पिशवी तेवढी राहिली होती, नीट घडी करून. तीही कशाला तरी लागली असती.

ती मागच्या खोलीत गेली. कापडाचे तागे उभे होते, त्यांच्यामध्ये उभी राहून तिने मामेभावाला फोन लावला.

"कॅमेऱ्याला लावली?" तो किंचाळलाच. "अहो, मी काय सांगून आलो! पान संपलं नाही अजून माझं!"

"गेलं का सगळं?"

"थांबा, घाबरू नका. कोरी केली म्हणजे लगेच पुसलं जात नाही. वरून नवीन लिहिलं की मग जातं. आणि कॅमेरा सारखा लिहीतच असतो. ताई, आत्ताच्या आत्ता जाऊन वायर उपटा. नुसती वायर. डिस्क घेऊन या माझ्याकडे, बरंचसं वाचेल."

"आणि उशीर झाला तर?"

"जेवढा उशीर, तेवढं जाणार."

ती बाहेर आली. खोकं टेबलाखाली होतं आणि त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. ती सरळ तिथे जाऊन वाकली, वायरीला हात घातला.

"ए, काय करतेस?"

"बंद करते जरा."

"आत्ताच तर लावलंय!"

"यातलं एक काढून घ्यायचं राहिलंय."

"काय?"

भावजय मशीनवर बसली होती. तिने दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "बिलं असतील. जुनी."

हे म्हणताना तिने ताईकडे बघितलं, आणि नजर हटवली नाही. तेव्हा ताईला कळलं की हिला कळलेलं आहे, आणि आजचं नव्हे.

आता मालकाने ओरडायला हवं होतं. ओरडला असता तर ताईने वायर उपटली असती. त्याच्या ओरडण्याला ती कधीच भ्याली नव्हती. पण त्या दिवशी मालक खुशीत होता, आणि खुशीतला मालक उदार व्हायचा.

"अगं, मग सांगायचं ना!" तो म्हणाला. "एवढं तोंड पाडतेस ते! हवंय ना तुला? मीच नेतो डिस्क, आत्ता. मी बसतो तिथे, सगळं बाहेर काढायला लावतो. एक एक फाइल उघडून बघून टाकू काय काय आहे त्यात. नाहीतरी तुझा भाऊ म्हणतच होता," तो बायकोकडे वळला, "बिलांच्या मानाने फार दिसतात म्हणून."

तो खरोखर उठलाही. स्कूटरची किल्ली शोधायला लागला.

ताई वाकलेलीच राहिली, हात वायरीवर. पूर्वी एकदा तिने रखवालदारांच्या कोटाला बाहीच्या आत एक खिसा काढला होता, काठी बगलेत धरूनही हात घालता येईल असा. मालकाने तो गिऱ्हाइकाला दाखवला आणि म्हणाला, "आमची आयडिया." त्या खिशावर धंद्याचा एक पूर्ण मोसम निघाला. "आमची"मध्ये ताई होती की नाही, हे कोणी विचारलं नाही आणि ती हसून गप्प राहिली, कारण तो नुसता खिसा होता. हे म्हणजे खिसा नव्हे. मालक आज हे बघणार. बघितल्यावर त्याला कळायला वेळ लागणार नाही. धंदा कळायचा त्याला. माझ्या कॉम्प्युटरवर, माझ्या विजेवर, माझ्या कामाच्या वेळेत काढलेलं तुझं कसं, असं तो विचारणार. आणि त्याचं उत्तर मास्तर देणार: "घरचंच आहे की." हॉस्पिटलच्या बाईंपुढे तोच उभा राहणार, आणि ती इथेच, या खुर्चीवर, आता दुप्पट वेगाने.

डिस्क वाचवली तर ती भावाची होणार होती. नाही वाचवली तर कोणाचीच नाही.

"राहू दे," ताई म्हणाली.

"अगं, नेतो ना! मला काय वेळ लागतोय?"

"नको. काही नाही त्यात." तिने वायरीवरचा हात काढला. "बिलंच आहेत."

"बघ हं, मग म्हणशील विचारलं नाही."

"नाही म्हणणार."

ती जाऊन कॉम्प्युटरपुढे बसली. खोलीत चार कॅमेरे आणि त्यांना लिहून घ्यायला भरपूर रिकामी जागा. बाई मशीन चालवते, लिहिलं. मास्तर जिना उतरतात, लिहिलं. मालक किल्ली परत खिळ्याला अडकवतो, तेही लिहिलं. ताई पडद्याकडे बघत माऊस हलवत होती आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे नेमकं काय, ते बायकांपैकी एकीलाच समजलं असावं. जिचा हात वर जात नव्हता, तिने पाण्याचा पेला आणून ताईच्या शेजारी ठेवला आणि परत गेली. तेवढंही लिहिलं गेलं.

मामेभावाचा दुपारभर फोन वाजत राहिला. संध्याकाळी ताईने एकदाच उचलला.

"काढली का वायर?"

"नाही."

"अहो, का?"

"तुमच्या बहिणीला विचारा," असं म्हणावंसं वाटलं तिला. म्हणाली नाही. त्या बहिणीच्या हातचं पाणी तिला उद्याही प्यायचं होतं. "फार महत्त्वाचं नव्हतं," एवढंच म्हणाली.

मग मैत्रीण उरली. ताईने तिला सगळं सांगितलं, अगदी कॅमेऱ्यासकट. म्हणाली, डोक्यात आहे माझ्या, पुन्हा काढते.

"सगळ्या मापांत?"

"सगळ्या."

"बाई यायच्यात त्याच्या आत?"

एक अंगरखा डोक्यातून उतरतो. शंभरांचे खांदे, उतार आणि बगला डोक्यात राहत नाहीत. ज्यांची मापं घेतली होती, त्यांतल्या काही बायका तर आता मापाला उरल्याही नव्हत्या.

"खरं सांग," मैत्रीण म्हणाली. "भावाचा संसार सोडवत नाहीये ना तुला? नको असेल तर नको म्हण बाई. डिस्क गेली, कॅमेरा आला, असली गोष्ट कशाला रचतेस?"

"रचत नाही गं."

"सगळेच म्हणतात कॉम्प्युटर गेला. माझ्या डोक्यावर भाडं आहे."

तिने दुसरी कोणी शोधली. साधे, पाठीमागून नाडीने बांधायचे गाऊन काढणारी, पण फाइल तयार असलेली. खरेदीवाल्या बाईंना ते चालले. चालतातच. ज्यांना घालायचे असतात, त्या बायकांना कोणी विचारायला येत नाही.

आता जमाखर्च मांडायचा तर असा. मालकाला पळतं मशीन मिळालं, कॅमेऱ्यांना डोळे मिळाले आणि न मागता बहीण राहिली. ती जाणार होती हेच त्याला ठाऊक नसल्यामुळे हा नफा त्याने कधी मांडला नाही. भावजयीची कंबर वाचली. त्यानंतर ती ताईला वन्सं म्हणायची बंद झाली आणि नुसतं "ऐकलंत का" म्हणायला लागली, एवढाच तिला पडलेला भुर्दंड. मास्तरांची औषधं वेळेवर मिळत राहिली. मामेभावाला जेवण मिळालं आणि आपण भावजींना काहीतरी सांगायला हवं होतं अशी एक रुखरुख मिळाली, जी तो दुकानात गर्दी झाल्यावर विसरून गेला. मैत्रिणीचं भाडं निघालं. त्या हॉस्पिटलात एक हात वर न जाणाऱ्या बायका पाठीमागची नाडी बांधायला दुसऱ्या कोणाची तरी वाट बघत राहिल्या. त्यांचा हिस्सा त्यांनी रोज थोडा थोडा भरला. बाकी सगळं ताईने भरलं, एकरकमी, त्या दुपारी, टेबलाखाली वाकून.

मालकाला विचाराल तर तो छातीवर हात ठेवून सांगेल, एसएसडीचा खर्च मी केला.